केमोचे शेवटचे डोस जड का जातात? मुदखेड तालुक्यातील रुग्ण आणि घरच्यांसाठी कामाची माहिती

मुदखेड : पहिला केमो झाला, दुसरा झाला, माणूस चालत घरी आला. शेजारी म्हणाले, काहीच त्रास नाही की! चौथ्या-पाचव्या डोसला मात्र तोच माणूस एसटीची पायरी चढताना धापा टाकतो, बोटांना मुंग्या येतात, फोडणीचा वास नको होतो. मग घरात बोलणं निघतं, "गाठ तर बसली, आता राहू द्या उरलेले डोस."

खरा धोका इथंच आहे. शेवटच्या फेऱ्यांमधला बहुतेक त्रास औषधानं, डोस कमी-जास्त करून किंवा आठवडाभर पुढं ढकलून आटोक्यात येतो. पण त्यासाठी तो डॉक्टरांच्या कानावर जावा लागतो. घरीच अंगावर काढला किंवा न सांगता उपचार सोडला, तर आधीचे चार डोस सोसलेले वाया जाण्याची भीती असते.

मुदखेड, बारड, मुगट भागातले रुग्ण उपचाराला नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी, नाही तर थेट मुंबईला जातात. केमो तिकडं लागतो, त्रास मात्र गावात आल्यावर सुरू होतो. म्हणून घरी काय बघायचं, काय करायचं आणि गाडी कधी काढायची, हे घरातल्या निदान दोन माणसांना माहीत पाहिजे.

नंतरच्या डोसला त्रास का वाढतो?

केमोची औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. कॅन्सरच्या पेशी अशाच असतात. पण हाडातला मगज, तोंडाची आतली कातडी, आतडं आणि केसांची मुळं इथल्या चांगल्या पेशीही झपाट्यानं वाढतात, त्यामुळे त्यांनाही मार बसतो. दोन डोसांमध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवतात ते याच पेशी भरून याव्यात म्हणून.

पहिल्या फेऱ्यांना शरीर लवकर सावरतं. पुढं पुढं सावरायला वेळ लागतो. काही त्रास तर साठत जातात. हातापायाच्या नसांवरचा, रक्त कमी होण्याचा, थकव्याचा आणि काही औषधांचा हृदय-किडनीवरचा परिणाम प्रत्येक डोसागणिक थोडा थोडा वाढतो.

सगळंच वाढतं असं मात्र नाही. उलटीवर आता चांगली औषधं आहेत. नीट घेतली तर पाचव्या डोसची उलटी पहिल्यापेक्षा कमीही असू शकते. केस बहुतेकांचे उपचार संपल्यावर परत येतात.

गाठ बसली तरी डोस कशाला?

वावरातली हरळी वरून कापली तर रान स्वच्छ दिसतं, पण मुळी आत राहिली तर पहिल्या पावसाला परत फुटते. कॅन्सरचंही तसंच आहे. हाताला न लागणाऱ्या, सोनोग्राफीतही न दिसणाऱ्या पेशी शरीरात उरू शकतात. ऑपरेशननंतरचा केमो त्यांच्यासाठीच असतो. किती डोस द्यायचे हे त्या हिशोबानं आधीच ठरलेलं असतं.

पेशी कमी आहेत म्हणून डॉक्टरांनी डोस आठवडाभर पुढं ढकलला, तर घाबरू नका. उपचार हुकला असं त्याचा अर्थ होत नाही. पुढच्या डोसआधी रक्त तपासतात ते त्यासाठीच. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा भरल्या की सलाईन लागतं. डॉक्टरांनी ढकललेला डोस आणि घरच्यांनी परस्पर बंद केलेला डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यात आधी : ताप

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. जंतूंशी लढणाऱ्या पेशीच कमी असतात, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. कधी कधी ना पू दिसतो ना सूज, फक्त ताप असतो.

- घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. हात लावून "अंग कोमट लागतंय" यावर विसंबू नका.
- ताप १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा जास्त भरला, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर त्याच वेळी दवाखाना गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका.
- ताप मोजायच्या आधी पॅरासिटामॉल देऊ नका. गोळीनं ताप झाकला जातो, आतलं इन्फेक्शन तसंच राहतं.
- गेल्याबरोबर पहिलं वाक्य हे सांगा, "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप आलाय." म्हणजे रुग्ण ओपीडीच्या रांगेत बसून राहणार नाही. अशा वेळी रक्ततपासणी आणि शिरेतून अँटिबायोटिक लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं.
- गावात कमरेत इंजेक्शन टोचून घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं, गाठ होते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अशी दुखण्याची औषधंही विचारल्याशिवाय नकोत. किडनी आणि प्लेटलेट दोन्हींना ती जड जातात.

हातापायाला मुंग्या, बधिरपणा

पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, विनक्रिस्टिन या औषधांनी नसांना इजा होते. सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते. मुंग्या येतात, आग होते, मग बधिरपणा वर सरकतो. ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, शर्टाची गुंडी सुटत नाही, पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही.

हा त्रास तिसऱ्या-चौथ्या डोसला जाणवू लागला की लगेच सांगा. "एवढ्याशासाठी काय सांगायचं" असं म्हणून गप्प बसणारेच पुढं जास्त अडचणीत येतात. वेळेत कळलं तर डॉक्टर डोस कमी करतात, अंतर वाढवतात किंवा औषध बदलतात. दुखत असेल तर त्यावर वेगळी गोळी मिळते. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचा बधिरपणा तर शेवटचा डोस झाल्यावरही काही महिने वाढू शकतो. तेव्हा उपचार संपले म्हणून गाफील राहू नका.

शेतकरी घरात काळजी अशी घ्यावी :

- अनवाणी फिरू नका. पायात काटा मोडला, खिळा घुसला तरी कळणार नाही. वावरात बूट, घरातही चप्पल घाला.
- रोज रात्री उजेडात दोन्ही तळपाय बघा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी बघावं.
- आंघोळीचं पाणी रुग्णानं हातानं तपासू नये, दुसऱ्यानं बघावं. बधिर हाताला कढत पाणी कोमट वाटतं.
- चुलीवरचा तवा, गरम कढई धरताना जाड फडकं घ्या. विळी, कोयता, कडबा कुट्टी यांपासून लांब राहा.
- ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर फ्रीजचं पाणी, बर्फ, हिवाळ्यातलं थंडगार पाणी टाळा. थंड लागलं की बोटं आखडतात, घसा दाटल्यासारखा होतो.

थकवा : आळस नव्हे

शेवटच्या फेऱ्यांतली सगळ्यात मोठी तक्रार ही असते. झोपून उठलं तरी अंगात बळ नसतं. सुनेला, आईला किंवा घरधन्याला "नुसतं पडून असता" असं म्हणण्याआधी घरच्यांनी हे समजून घ्यावं की हा थकवा विश्रांतीनं जाणारा नसतो.

बऱ्याच जणांना दुसरा अनुभवही येतो. केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस एकदम गळून जातो. केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडचा जोर उतरला की असं होतं. त्याच स्टिरॉइडनं शुगर वाढते, झोप उडते. म्हणून शुगरवाल्यांनी त्या दिवसांत साखर तपासत राहावी.

थकव्यावर सगळ्यात चांगला उपाय ऐकायला उलटा वाटतो, तो म्हणजे रोज थोडं चालणं. सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीत दहा मिनिटं चाला, झेपलं तर संध्याकाळी आणखी दहा. दिवसभर अंथरुणात पडल्यानं स्नायू गळतात आणि थकवा वाढतो. सगळी कामं एका दिवसात उरकायच्या मागं लागू नका. ज्या वेळी बरं वाटतं त्या वेळी गरजेचं एक काम करा, बाकी दुसऱ्यांवर सोडा.

धाप लागत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, छातीत धडधडत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. फार उतरलं असेल तर रक्त चढवावं लागतं. बीट, डाळिंब, खजूर खायला हरकत नाही, पण केमोनं उतरलेलं रक्त नुसत्या त्यांनी भरून येत नाही. डॉक्सोरुबिसिन (लाल औषध) घेणाऱ्यांना पायावर सूज किंवा आडवं झाल्यावर धाप आली तर हृदयाची टूडी इको तपासणी लागू शकते, ते तातडीनं कळवा. याच औषधानं पहिले एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो.

तोंड आलं, चव गेली

- एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करा. गुळणी गिळू नका.
- मऊ ब्रश वापरा. राखुंडी, मिश्री, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद. मिश्रीनं तोंडातल्या जखमा चिघळतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचं एक कारणही तंबाखूच आहे.
- ठेचा, लोणचं, कडक भाकरी काही दिवस बाजूला ठेवा. दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, मुगाची पातळ खिचडी, उकडलेलं अंडं, केळं, घरचं ताजं ताक चालतं.
- तोंडात पांढरे चट्टे आले, पाणीही गिळता येत नसेल, तर गुळण्यांवर भागत नाही. औषध लागतं.

मळमळ, आणि नाव काढताच येणारी उलटी

उलटीच्या गोळ्या "उलटी झाल्यावर घेऊ" म्हणून ठेवायच्या नसतात. लिहून दिलेल्या वेळेला, उलटी होवो न होवो, घ्यायच्या असतात. थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी खा. तळण आणि फोडणीचा वास सोसत नसेल तर रुग्णाला स्वयंपाकघरापासून लांब बसवा. गरमपेक्षा कोमट जेवण बरं पडतं.

नंतरच्या फेऱ्यांत एक वेगळाच प्रकार दिसतो. दवाखान्याचं गेट दिसलं, स्पिरिटचा वास आला किंवा केमोचं नाव काढलं तरी मळमळतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे नाटकही नव्हे. आधीच्या डोसांची आठवण शरीरानं धरलेली असते. डॉक्टरांना सांगितलं तर आदल्या रात्री आणि सकाळी घ्यायची गोळी मिळते.

पोट बिघडणं, कोठा जड होणं

नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले, सोबत ताप आला, शौचातून रक्त गेलं किंवा लघवी कमी झाली, तर दवाखान्यात जा. तोवर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची मोठी पुडी टाकून घोट घोट पाजा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात केमोच्या रुग्णाच्या अंगातलं पाणी लवकर आटतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर काढू नका.

उलटीच्या काही गोळ्यांनी आणि विनक्रिस्टिननं कोठा जड होतो. पाणी, शिजवलेल्या पालेभाज्या, थोडं चालणं यांनी फरक पडतो. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर विचारा. एनिमा घरी देऊ नका.

शिरा, कातडी, कान आणि लघवी

वारंवार सलाईन लावून हाताच्या शिरा काळ्या पडतात, दोरीसारख्या कडक होतात. बाकीचे डोस जास्त असतील तर पोर्ट किंवा पिक लाइन बसवता येते का ते विचारा. केमो चालू असताना सुई लावलेल्या जागी आग झाली, फुगलं, तर नर्सला त्याच क्षणी हाक मारा. "संपत आलंय, सोसू थोडं" असं करू नका. काही औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी जळते.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू असतील तर तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. खोबरेल तेल किंवा साधं मलम लावा, घट्ट चप्पल टाळा. फोड आले तर गोळी पुढं चालू ठेवायची की नाही, हे फोन करून विचारा.

सिस्प्लॅटिन चालू असेल तर कानात आवाज येणं, कमी ऐकू येणं आणि लघवी कमी होणं याकडं लक्ष द्या. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

गैरसमज आणि घरगुती इलाज

*पेशी वाढवायला पपईच्या पानाचा रस, बकरीचं कच्चं दूध?* डेंगीच्या दिवसांत गावोगावी हे चालतं. केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं दूध, न धुतलेल्या पानांचा रस यांतून उलट इन्फेक्शन होऊ शकतं. पेशी फार उतरल्या तर त्या वाढवायचं इंजेक्शन असतं. त्यानं एक-दोन दिवस हाडं दुखतात, ते अपेक्षित असतं.

*गुळवेल, काढा, भस्म?* काही वनस्पतींचा भार लिव्हरवर पडतो, काहींनी केमोचा परिणाम कमी-जास्त होतो. घेत असाल तर लपवू नका. पुडी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा.

*उपवास, रोजे?* डोस चालू असताना नकोत. एकादशी पुढच्या वर्षीही येणार आहे.

*रुग्णाचं ताट-वाटी वेगळं?* कॅन्सर लागत नाही. सोबत जेवा, लेकरांना जवळ घेऊ द्या. एवढंच करा : केमोनंतर ४८ तास रुग्णाची लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी टाका, भरलेले कपडे वेगळे धुवा. सर्दी-खोकला, कांजिण्या झालेल्या माणसानं मात्र रुग्णाजवळ जाऊ नये. उपचार सुरू असताना पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, म्हणून संतती नियमनाबद्दल नवरा-बायको दोघांनी डॉक्टरांशी बोलावं.

*कच्ची कोशिंबीर, पाणीपुरी, जत्रेतलं खाणं?* डोस संपेपर्यंत घरचं, ताजं, शिजवलेलं खा. फळं धुऊन, साल काढून. बोअर-विहिरीचं पाणी उकळून.

मनाचं काय?

शेवटचे दोन डोस राहिले की माणूस चिडचिडा होतो, रडतो, "मला नाही जायचं" म्हणतो. नाव आठवत नाही, गॅस चालू राहतो, पैसे मोजताना चुकतं. केमोत असं होतं, वेड लागलेलं नसतं. बहुतेकांचं उपचारानंतर हळूहळू सुधारतं. कॅलेंडरवर झालेले डोस खूण करून ठेवा, उरलेले डोळ्यांसमोर दिसले की धीर येतो. झोपच लागत नसेल, जगण्यात रस उरला नसेल, तर हेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. सोबत जाणाऱ्या माणसालाही आळीपाळीनं सुट्टी द्या. एकाच लेकीवर सगळा भार टाकू नका.

पैसा, प्रवास आणि जवळची सोय

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. यादीतल्या रुग्णालयात केमोही त्यात बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड न्या, तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. पुढच्या डोसची मंजुरी आधीच लावून घ्या. मदतीसाठी फोन : १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.
- रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत आहे. सोबतच्या एका माणसाला तिथं ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. नंदिग्राम, देवगिरी या मुंबईच्या गाड्या मुदखेड जंक्शनवरूनच जातात, तेव्हा प्रमाणपत्र आधी करून घ्या. एसटीच्या सवलतीसाठी आगारात चौकशी करा.
- तातडीच्या वेळी १०८ ला फोन करा. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मुदखेडपासून ते तासाभराच्या अंतरावर आहे. ताप आला तर आधी मुंबई-संभाजीनगरच्या डॉक्टरांचा फोन लागायची वाट पाहत बसू नका. जवळ पोहोचा, मग फोन करा.
- २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढण्याची घोषणा झाली आहे. पुढचे डोस जवळ घेता येतील का, हे आपल्या डॉक्टरांना विचारत राहा.

मोबाइलमध्ये हे असू द्या

फाइल घरी आणि रुग्ण दवाखान्यात, असं नेहमी होतं. म्हणून या गोष्टींचे फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा :

१. डिस्चार्ज कार्ड आणि केमोच्या औषधांची नावं
२. शेवटच्या डोसची तारीख, कितवा डोस
३. ताजा रक्ताचा रिपोर्ट
४. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी, शुगर-बीपीच्या गोळ्यांसकट
५. कॅन्सर विभागाचा फोन नंबर

सोबत एक साधी वही करा. तारीख, ताप, जुलाब-उलटी किती वेळा, मुंग्या कुठपर्यंत, जेवण किती, हे रोज दोन ओळींत लिहा. डॉक्टरांसमोर बसलं की पाच मिनिटांत निम्मं विसरतं. वहीतल्या या दोन ओळींवरून पुढचा डोस कसा द्यायचा ते ठरवता येतं.

थांबू नका, निघा

ताप १००.४ च्या वर, हुडहुडी, धाप, छातीत दुखणं, कुठूनही न थांबणारं रक्त, अंगावर लाल-जांभळे ठिपके, सारखी उलटी होऊन पाणीही न टिकणं, बेशुद्धी किंवा बरळणं, एका पायाला अचानक सूज. यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय नको. लगेच दवाखाना.

(ही माहिती सर्वसाधारण समजेसाठी आहे. प्रत्येकाचा आजार आणि औषधं वेगळी असतात. गोळी सुरू करणं, बंद करणं किंवा डोस पुढं ढकलणं हे आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावं.)